पुएर्तो वायार्ता: रिसॉर्ट सोडून गावात राहायचं तर

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, जालिस्को राज्यात, बांदेरास उपसागराच्या काठी पुएर्तो वायार्ता वसलं आहे. नकाशावर तिथून आडवी रेघ ओढली तर ती आपल्याकडे डहाणूच्या किंचित वर, वलसाडपाशी येते. पश्चिमेला समुद्र, पाठीशी डोंगर, जूनमध्ये लागणारा पाऊस, नारळ, आंबा, चिंच. कोकण पाहिलेल्या माणसाला इथलं हवामान समजावून सांगावं लागत नाही. बाकीचं मात्र सांगावं लागतं.

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं नाताळच्या सुट्टीत इथे येतात, बऱ्याचदा भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन. बहुतेक जण सगळं खाणंपिणं धरून एकरकमी पैसे भरायचं मोठं रिसॉर्ट घेतात आणि विमानतळ, पोहण्याचा तलाव, बुफे एवढं पाहून परत जातात. विश्रांतीच हवी असेल तर त्यात काही वाईट नाही. पण कान्कून १९७० नंतर सरकारने पर्यटनासाठी आखून बांधलं, तसं वायार्ताचं झालेलं नाही. १८५१ मध्ये इथे लास पेन्यास नावाची वस्ती झाली, डोंगरातल्या चांदीच्या खाणींना इथून मीठ जायचं. १९१८ मध्ये जालिस्कोचे माजी राज्यपाल इग्नासियो वायार्ता यांचं नाव गावाला मिळालं. १९६३ मध्ये जवळच्या मिस्मालोयात एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण झालं. त्यातला नट रिचर्ड बर्टन याच्याबरोबर नटी एलिझाबेथ टेलरही आली, त्यांच्या मागे जगभरचे बातमीदार आले आणि गाव प्रसिद्ध झालं. म्हणजे आधी गाव होतं, हॉटेलं नंतर आली. ते गाव अजून चालतंबोलतं आहे, आणि पुढचं सगळं ते पाहता यावं म्हणून लिहिलं आहे.

पायरी पहिली: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असेल, किंवा यांपैकी कुठल्या देशाचं कायम वास्तव्य असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्डधारकांना आणि अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असलेल्या आईबाबांना त्यामुळे सोपं जातं. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा.

अडचण येते ती एच-वन-बी वाल्यांची. मुदतवाढीचा कागद हातात आहे, पण पासपोर्टातला व्हिसा संपला आहे, अशी अनेकांची स्थिती असते. तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परतणाऱ्यांना अमेरिका ठरावीक अटींवर जुन्या व्हिसावर आत घेते, हे खरं. पण मेक्सिकोत शिरायला चालू व्हिसाच लागतो, संपलेला चालत नाही. अशांनी आधी मेक्सिकोच्या दूतावासातून व्हिसा काढावा, नाहीतर विमान कंपनी चेक-इनलाच अडवते. आणखी एक गैरसमज: आईबाबांची मेक्सिकोची फेरी झाली की अमेरिकेतले सहा महिने नव्याने मोजले जातात, असं धरून चालू नका. परतताना किती दिवस द्यायचे हे तिथला अधिकारी ठरवतो.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलासुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर युरोपमार्गे मेक्सिको सिटी गाठायची आणि तिथून दीड तासाचं देशांतर्गत विमान घ्यायचं. युरोपातल्या ज्या विमानतळावर उतरणार तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढायच्या आधी बघा.

सामानात ई-सिगारेट ठेवू नका. मेक्सिकोत तिच्यावर बंदी आहे आणि ती जप्त होते. ताजी फळं, बियाणं, घरचं तूप असल्या गोष्टी कस्टममध्ये अडकू शकतात. चकली-चिवडा न्यायचाच असेल तर दुकानातलं सीलबंद पाकीट बरं. वीज १२७ व्होल्ट असते आणि पिना अमेरिकेसारख्या चपट्या, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांनी अडॅप्टर आणावा. घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे असतं, आणि २०२२ पासून ते उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही.

पायरी दुसरी: कधी जायचं

नोव्हेंबर ते मे कोरडे महिने. दिवसा तिशीच्या आत-बाहेर, रात्री पातळ स्वेटर पुरतो. डिसेंबर ते मार्च ही देवमाशांची वेळ आणि अर्थात सर्वात महागही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस असतो. तो बहुधा संध्याकाळी नाहीतर रात्री विजांसह कोसळतो आणि सकाळी ऊन पडतं. डोंगर हिरवेगार, हॉटेलं स्वस्त, पण घामाने जीव जातो. वादळांचा मोसम मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत धरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिदिया हे चक्रीवादळ वायार्ताच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं होतं. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी तिकीट बदलता येण्याजोगंच घ्यावं.

मला विचाराल तर डिसेंबरचे पहिले बारा दिवस. ग्वादालूपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकोत पुजल्या जाणाऱ्या मेरीमातेचा, सण १२ तारखेला असतो. त्याआधी १ तारखेपासून रोज गावातल्या वस्त्या, दुकानं, हॉटेलांचे कर्मचारी मिरवणुकीने चर्चला जातात. पुढे ढोल, मागे पिसांचे टोप घातलेले नाचणारे, सजवलेले ट्रक, रस्त्याकडेला खाण्याच्या गाड्या. नाताळची गर्दी तेव्हा अजून सुरू झालेली नसते. उलट ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा. अर्धा मेक्सिको तेव्हा समुद्रावर असतो, पाय ठेवायला जागा नसते.

पायरी तिसरी: कुठे उतरायचं

सगळ्या सहलीचं गणित इथे ठरतं, म्हणून घाई करू नका.

बुकिंगच्या संकेतस्थळांवर 'पुएर्तो वायार्ता' म्हणून दाखवलेली कित्येक रिसॉर्ट प्रत्यक्षात नुएवो वायार्तात असतात. ते उत्तरेला, शेजारच्या नायारित राज्यात आहे, आणि त्याला नुएवो नायारित असंही म्हणतात. तिथला किनारा लांब, सपाट आणि लहान मुलांना चांगला. पण गावात यायचं तर दर वेळी टॅक्सी आणि वाहतुकीची कोंडी. पत्ता नकाशावर पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

विमानतळाजवळच्या मरीना वायार्तात बोटींचा धक्का आणि सपाट फुटपाथ आहेत. त्याच्या खाली उंच हॉटेलांची रांग. मग ५ दे दिसिएम्ब्रे नावाची वस्ती, जिथे अजून स्थानिक लोक राहतात, खाणं स्वस्त आहे आणि जुनं गाव पायी पोहोचण्याइतकं जवळ. नंतर सेंत्रो, म्हणजे मूळ गाव. क्वाले नदी ओलांडली की झोना रोमांतिका: लॉस मुएर्तोस किनारा, कॅफे, रात्री उशिरापर्यंत जाग. समलिंगी पर्यटकांचं हे मेक्सिकोतलं मोठं आवडतं ठिकाण आहे आणि इथलं वातावरण मोकळं आहे. त्याच्याही दक्षिणेला आमापास आणि कोंचास चिनास या टेकड्या. फोटोत समुद्राचं जे दृश्य दिसतं ते बहुतेक इथल्याच गच्च्यांवरून काढलेलं असतं.

आणि त्या गच्च्यांपर्यंत पायऱ्या असतात. शंभर-दीडशेसुद्धा. गावातले रस्तेही गोट्यांचे, खडबडीत. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर आमापासचं सुंदर घर विसरा आणि झोना रोमांतिकाच्या सपाट भागात, समुद्रापासून तीन-चार गल्ल्यांच्या आत जागा घ्या. फक्त खाली बार नाही ना, हे पाहा. नाहीतर पहाटेपर्यंत झोप नाही.

शाकाहारी कुटुंबांना सगळं-धरून-पैसे हा प्रकार मला तोट्याचा वाटतो. त्या रकमेत दारू आणि मासळीची किंमत असते, आणि तुमच्या ताटात येतात सॅलड, पास्ता आणि फळं. त्यापेक्षा छोटं स्वयंपाकघर असलेली जागा बरी. सोरियाना, चेद्राउई, ला कोमेर या सुपरमार्केटांत तांदूळ, अख्खा मसूर, छोले, कोथिंबीर, मिरच्या, जिरं सगळं मिळतं. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही.

पायरी चौथी: विमानतळातून बाहेर पडणं

इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारून किती दिवस राहता येईल ते लिहितो. तो आकडा तिथल्या तिथे वाचा. एकशे ऐंशी ही वरची मर्यादा आहे, तुम्हाला तितके मिळतीलच असं नाही.

कस्टम ओलांडलं की एक दालन लागतं. तिथे नीटनेटक्या गणवेशातली माणसं हसून हाका मारतात: टॅक्सी हवी? कुठलं हॉटेल? तुमचं नाव यादीत आहे! हे विमानतळाचे कर्मचारी नाहीत, टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क, विकणारे आहेत. फुकट टॅक्सी, निम्म्या किमतीत बोटीची सफर, याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी 'दीड तासाचा नाश्ता' असतो, आणि तो दीड तास अर्धा दिवस खातो. थांबू नका, थांबून नकारही देऊ नका, चालत राहा. आपल्याला समोरच्याशी तुटक वागायला जड जातं, आणि हे लोक नेमके त्यावर जगतात. कोणी सही करून बसलंच तर मेक्सिकोच्या नियमाप्रमाणे कामाच्या पाच दिवसांत करार रद्द करता येतो. तसं लेखी द्या आणि पोच घ्या.

बाहेर आल्यावर दोन पर्याय. म्हातारी माणसं, सामान, रात्रीची वेळ असेल तर आतल्या खिडकीवर ठरलेल्या दराची टॅक्सी घ्या. नाहीतर डावीकडे जाऊन महामार्गावरचा पादचारी पूल ओलांडा. पलीकडे शहरातल्या टॅक्सी आणि उबर बऱ्याच स्वस्तात मिळतात, आणि गावात जाणारी बसही तिथेच येते.

बसचा बाऊ करू नका. काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं: 'सेंत्रो' म्हणजे गावातून, 'तुनेल' म्हणजे बोगद्याच्या वळणरस्त्याने. पैसे सुटे द्या, ड्रायव्हर तिकीट देतो, ते उतरेपर्यंत सांभाळा. मधेच कोणी गिटार घेऊन चढतो, दोन गाणी म्हणतो, टोपी फिरवतो आणि उतरतो. दिलं तर दिलं.

पायरी पाचवी: पैसे

पेसोची खूण डॉलरसारखीच असते. मेनूकार्डावर त्या खुणेपुढे १८० लिहिलेलं पाहून घाबरू नका, ते पेसो आहेत. एक पेसो साधारण पाच रुपये धरा. मात्र बोटीच्या सफरी आणि मोठ्या हॉटेलांत खरोखरचे डॉलरही लिहिलेले असतात. शंका आली तर 'पेसोस?' एवढं विचारलं तरी पुरतं.

डॉलरने पैसे देता येतात, पण दुकानदार भाव आपल्या सोयीने लावतो. पेसो काढा, आणि ते बँकेला लागून असलेल्या एटीएममधूनच. पर्यटकांच्या गल्लीतल्या सुट्या यंत्रांचं शुल्क जास्त असतं आणि काही तर डॉलरच देतात. यंत्र विचारतं, 'आमच्या दराने रूपांतर करू का?' तिथे नाही म्हणा, म्हणजे तुमच्या बँकेचा दर लागतो आणि तो जवळजवळ नेहमी बरा असतो. पाचशेची नोट टपरीवर कोणी मोडून देत नाही. ती ओक्सो या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात मोडा. फोनचं सिमकार्डही तिथेच मिळतं.

हॉटेलात बिलाच्या दहा ते पंधरा टक्के टीप देतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण गिऱ्हाइकाला उठवणं तिथे उद्धटपणा समजतात. हात वर करून 'ला क्वेंता, पोर फावोर' म्हणा. काही सुपरमार्केटांत पिशव्या भरून देणारे आजी-आजोबा असतात. त्यांना पगार नसतो, टीप हीच कमाई. त्यांच्यासाठी खिशात नाणी ठेवा.

पायरी सहावी: पहिला दिवस पायी

पहिल्या दिवशी कुठलीच सफर ठरवू नका. सकाळी लॉस मुएर्तोसच्या धक्क्यापासून निघा. २०१३ मध्ये उघडलेला हा शिडाच्या आकाराचा धक्का रात्री रंगीत दिव्यांनी उजळतो. तिथून उत्तरेला ओलास आल्तास गल्लीतून क्वाले नदीपर्यंत या. नदीच्या मधल्या बेटावर झाडांच्या गर्द सावलीत दुकानं आहेत, कडेला नगरपालिकेचा बाजार. बाजारात घासाघीस चालते. चांदी घेतलीत तर ९२५ चा शिक्का पाहा. विशारिका आदिवासींचं मण्यांचं काम इथे मिळतं: मेण लावलेल्या लाकडावर एकेक मणी बसवून केलेले हरण, जग्वार, सूर्य. ते लोक जालिस्को-नायारितच्या डोंगरातले. जवळून पाहा. मणी सरळ ओळीत, दाट आणि घट्ट बसलेले असतील तर काम चांगलं, आणि त्याला लागलेल्या वेळाच्या मानाने किंमत कमीच असते. तिथे फार घासाघीस करू नये, असं मला वाटतं.

नदी ओलांडली की मालेकोन, म्हणजे समुद्राकाठचा सुमारे एक किलोमीटरचा फरसबंद रस्ता. गाड्यांना मज्जाव आहे. कडेने शिल्पं उभी आहेत. समुद्रघोड्यावर बसलेला मुलगा ही गावाची खूणच झाली आहे, ते १९७६ चं राफाएल सामारिपा यांचं काम. सेर्हियो बुस्तामान्ते यांची आकाशात जाणारी शिडी आणि तिच्यावर चढणारी त्रिकोणी डोक्यांची माणसं मला त्याहून आवडतात. आलेहांद्रो कोलुंगा यांच्या विचित्र जलचर खुर्च्यांवर बसून लोक फोटो काढतात. मध्येच एका उंच खांबावरून दोराने उलटे लटकून गिरक्या घेत खाली येणारे पापांतलाचे व्होलादोरेस दिसतील. मूळचा वेराक्रूस राज्यातला हा विधी आहे, २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. उभं राहून पाहिलंत तर पैसे टाका.

एक आड गल्ली आत ग्वादालूपेच्या मातेचं चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यावर मुकुट आहे. १९९५ च्या भूकंपात आधीचा पडला, नंतर नवा बसवला. चर्चच्या मागे गाव डोंगरावर चढत जातं. दम असेल तर सकाळी लवकर क्रुसाच्या टेकडीवर चढा, वरून सगळा उपसागर दिसतो. दुपारी बाराला ही चढण करणं म्हणजे शिक्षा.

मालेकोनवर पांढऱ्या कपड्यांतला, खांद्यावर मोठा भोपळा घेतलेला माणूस दिसला तर थांबाच. तो तुबा विकतो. तुबा म्हणजे माडाच्या पोयीतून उतरवलेला रस, आपली नीरा. ही कला इथल्या लोकांना फिलिपिनो खलाशांनी शिकवली. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती, त्यांतून ती माणसं या किनाऱ्यावर उतरली. इथे त्यात सफरचंदाचे तुकडे आणि दाणे किंवा अक्रोड घालतात. सकाळचा ताजा तुबा गोड असतो, दुपारनंतर आंबूस होत जातो. कोकणातल्या माणसाला पुढचं ठाऊक आहेच.

पायरी सातवी: खाणं

मासे खाणाऱ्यांना इथे काही शिकवायची गरज नाही. पेस्कादो सारांदेआदो मागा: मासा पाठीतून उघडून, मिरचीचा मसाला चोळून निखाऱ्यावर भाजतात. ही नायारितच्या किनाऱ्याची पद्धत. वाळूवर काठीला टोचून भाजलेले मासे विकतात तेही चांगले लागतात, फक्त समोर भाजून घ्या. सकाळपासून टोचून ठेवलेले नकोत.

शाकाहाऱ्यांनी मात्र हा परिच्छेद नीट वाचावा. 'कार्ने (मांस) नको' म्हटलं की तिथला माणूस फक्त गोमांस आणि डुकराचं मांस वगळतो. कोंबडी आणि मासा त्याच्या हिशेबात कार्ने नसतात. म्हणून पूर्ण वाक्य सांगा: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो.' मग छुप्या गोष्टी येतात. राजमा घोटून केलेल्या फ्रिहोलेसमध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी, म्हणजे मान्तेका असते. तामालेसच्या, म्हणजे वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांच्या, पिठात ती बहुधा असतेच, मैद्याच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पोळीत, असू शकते. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. त्यामुळे 'सिन मान्तेका?' आणि 'सिन काल्दो दे पोयो?' हे दोन प्रश्न पाठ करा.

निर्धास्त काय खाल? मक्याची तोर्तिया. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, दळून केलेली, बाकी काही नसतं. गल्लीतल्या तोर्तियेरियात ती किलोवर गरम गरम मिळते. तिच्यात चीज आणि भोपळ्याची फुलं, मश्रूम, किंवा भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या घालून केसादिया. निवडुंगाच्या पानांची, म्हणजे नोपालेसची भाजी थोडी भेंडीसारखी बुळबुळीत असते, पण चीज घालून तव्यावर भाजली की छान लागते. संध्याकाळी हातगाडीवर एस्कितेस: उकडलेले मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चीज आणि मेयोनीज. मेयोनीजमध्ये अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. फळांच्या गाडीवर आंबा, पपई, हिकामा नावाचा पांढरा कुरकुरीत कंद, वर लिंबू आणि तिखट-मीठ. चिकू आणि मिरची याच देशातून निघून आपल्याकडे पोहोचलेली, तेव्हा बाजारात ती ओळखीची वाटतील. पण टेबलावरची नारिंगी आबानेरो मिरचीची चटणी आधी टोकावर घेऊन बघा. 'आम्हाला तिखट चालतं' असं म्हणत चमचाभर घेणारे मी पाहिले आहेत.

पिण्यासाठी आग्वा फ्रेस्का: चिंचेचं, अंबाडीच्या लाल बोंडांचं हामाइका, तांदूळ-दालचिनीचं ओर्चाता. दारू घेणाऱ्यांनी टकिलाऐवजी राइसिया चाखावी. तीही घायपाताच्या कुळातल्या झाडापासूनच करतात, याच डोंगरांतली, आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक संरक्षण मिळालं.

नळाचं पाणी पिऊ नका. घरात वीस लिटरचा गाराफोन असतो, संपला की बदलून मिळतो. चांगल्या ठिकाणचा बर्फ शुद्ध पाण्याचाच असतो.

पायरी आठवी: समुद्र आणि होड्या

मेक्सिकोत किनारा सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. हॉटेलसमोरच्या वाळूवरून कोणी उठवू शकत नाही. खुर्ची-छत्री मात्र त्यांची असते आणि तिच्यासाठी ठरावीक रकमेचं खाणंपिणं घ्यावं लागतं. बसायच्या आधी 'कोन्सुमो मिनिमो' किती ते विचारा.

पाण्यात शिरायच्या आधी बावटा पाहा: हिरवा, पिवळा, लाल. लाल किंवा काळा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. लॉस मुएर्तोसला लाट अगदी काठावर फुटते आणि पाय ओढते. पोहणं येत असलं तरी लहान मुलांचा हात सोडू नका. उथळ पाण्यात पाय घसटत चाला, म्हणजे वाळूतले पाकट दूर सरकतात. आणि हो, मगरी. विमानतळाजवळची खाडी आणि मरीनाचा परिसर हे त्यांचं घर आहे, कधीमधी त्या समुद्रकाठीही दिसतात. खाडीच्या तोंडाजवळ आणि अंधारात पाण्यात जायचं नाही, कुत्र्यालाही सोडायचं नाही.

सगळ्यात चांगला दिवस दक्षिणेला जातो. बासिलियो बादियो आणि कोन्स्तितुसियोन या गल्ल्यांच्या कोपऱ्यावरून बोका दे तोमात्लानची बस मिळते. ती समुद्राच्या वरून, कड्याच्या अंगाने जाते, म्हणून उजवीकडे बसा. वाटेत पाण्यातून वर आलेले लॉस आर्कोसचे खडक दिसतात. बोकाला उतरलं की पायवाट सुरू होते: जंगल, खडक, मध्येच कोलोमितोसची चिमुकली वाळू, आणि दोन-तीन तासांत लास आनिमासचा किनारा. चप्पल नको, बूट घाला, पाणी भरपूर घ्या. परत चालत यायची गरज नाही, पांगा म्हणजे उघडी मोटारहोडी मिळते. शेवटची पांगा किती वाजता, हे पोहोचल्यावर लगेच दोघातिघांना विचारा. चालायचं नसेल तर धक्क्यावरून थेट येलापाची होडी घ्या. तिथे गावातून चालत धबधब्यापर्यंत जाता येतं, आणि वाळूवर डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका घरचे 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेले गोड पदार्थ, विकतात. लिंबाचा घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि होडी आपटत येते. पाठ धरणाऱ्यांनी मागच्या बाजूला बसावं, आणि फोन सगळ्यांनीच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

हंपबॅक देवमासे पाहायचा अधिकृत मोसम ८ डिसेंबर ते २३ मार्च. थंड उत्तरेकडून ते इथे प्रसूतीसाठी आणि जोडीदारासाठी येतात. परवाना असलेली, लहान होडी निवडा. मोठ्या बोटीवर संगीत आणि दारू जास्त, देवमासे कमी. देवमाशाबरोबर पोहायला मनाई आहे. तसं आमिष दाखवणाऱ्याकडे फिरकू नका. मारिएतास बेटांच्या पोटातला 'लपलेला किनारा' फोटोंमुळे फार गाजला आहे. तिथे रोज मोजक्याच लोकांना सोडतात, आणि आत जायला हेल्मेट घालून खडकातल्या बोगद्यातून पोहावं लागतं. पोहता न येणाऱ्यांनी हट्ट धरू नये. नुसत्या 'मारिएतास सफरी'त हा किनारा धरलेला नसतो, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. पावसाळ्यात गेलात तर रात्री ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वर्षाच्या शेवटापर्यंत संध्याकाळी पिल्लं समुद्रात सोडतात. लहान मुलांना याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. फ्लॅश मारायचा नाही.

तब्येत आणि सुरक्षितता

डासांपासून डेंग्यू होतो आणि हे डास दिवसा चावतात, त्यामुळे सकाळपासूनच औषध लावा. वाळूवर तिन्हीसांजेला दिसतही नाहीत असे बारीक किडे चावतात, त्यांच्यासाठी लांब पायजमा बरा. पोट बिघडलं तर कुठल्याही फार्मासियात क्षारांचं पाणी मिळतं. अनेक औषधदुकानांना लागून डॉक्टरची छोटी खोली असते, तिथे थोडक्यात तपासून घेता येतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाहीत. खासगी रुग्णालयं दाखल करण्याआधी क्रेडिट कार्ड मागतात, त्यामुळे आईबाबांचा प्रवासविमा मेक्सिकोला लागू आहे ना, हे निघायच्या आधी तपासा. अमेरिकेसाठी घेतलेला विमा आपोआप इथे चालतोच असं नाही.

जालिस्कोत गुन्हेगारी टोळ्यांचं राज्य आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पर्यटकांच्या भागात त्याचा रोजचा उपद्रव सहसा जाणवत नाही, पण परिस्थिती एकाएकी बदलू शकते. निघायच्या आठवड्यात परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचा. रात्री वाळूवर एकटं फिरू नका, कोणी गांजा-कोकेन विचारलं तर मान हलवून पुढे जा, रात्री लांबचा रस्ता गाडीने कापू नका. अडचणीत फोन ९११.

परतताना

उरलेले पेसो विमानतळावर बदलू नका, तिथला भाव सर्वात वाईट. त्यांची व्हॅनिला, कॉफी किंवा चॉकलेट घ्या. अमेरिकेत परतणार असाल तर आंबे आणि इतर फळं हॉटेलातच संपवा. आणि विमानाला वेळ असेल तर आत जाण्याआधी तो पादचारी पूल पुन्हा ओलांडा. पलीकडे स्मोक्ड मार्लिन माशाचे बुरिटो मिळतात, विमानतळाच्या आतल्या सँडविचच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशांत.